एकॉर्न कॉम्प्युटर्स कशी वाढली आणि कशी संपली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकॉर्न ही नेमकी कुठली कंपनी?

इंग्लंडमधल्या केंब्रिजची. १९७८ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि १९९९ मध्ये मोडीत निघाली. घराघरांत आणि शाळांत चालणारे छोटे कॉम्प्युटर ती बनवायची. तिचा ‘बीबीसी मायक्रो’ ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीचा पहिला कॉम्प्युटर होता. आज तिचं नाव फारसं कुणाला आठवत नाही, पण तुमच्या फोनमधल्या प्रोसेसरची कुंडली मांडली, तर पूर्वजांच्या घरात हीच कंपनी बसलेली दिसेल.

नाव एकॉर्न का?

एकॉर्न म्हणजे ओकच्या झाडाचं फळ. इवल्या फळातून मोठा वृक्ष होतो, हा अर्थ आहेच. दुसरं कारण जास्त व्यवहारी होतं. टेलिफोन डिरेक्टरीत हे नाव ‘अॅपल’च्या आधी येतं!

सुरुवात कुणी केली?

हर्मन हाउझर आणि ख्रिस करी या दोघांनी. हाउझर मूळचा ऑस्ट्रियाचा, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रात पीएचडी केलेला. करी बरीच वर्षं क्लाइव्ह सिंक्लेअर या ब्रिटिश उद्योजकाच्या हाताखाली काम केलेला; पुढे हाच सिंक्लेअर स्वस्त घरगुती कॉम्प्युटर विकणारा एकॉर्नचा प्रतिस्पर्धी झाला. कंपनीचं मूळ नाव ‘केंब्रिज प्रोसेसर युनिट’. आद्याक्षरं जुळवली की सीपीयू होतं, त्यामुळे नाव ठेवताना कुणीतरी गालातल्या गालात हसलं असणार.

पहिलं काम मिळालं ते जुगाराच्या यंत्रांचं. ब्रिटनमधल्या पबमध्ये नाणं टाकून खेळायची ‘फ्रूट मशीन’ असतात, त्यांना मायक्रोप्रोसेसर बसवायचा होता. काही चलाख गिऱ्हाइकं सिगारेट लायटरची ठिणगी यंत्राजवळ उडवून आतलं इलेक्ट्रॉनिक्स गोंधळवायची आणि बक्षीस पदरात पाडून घ्यायची. सोफी विल्सन या विद्यार्थिनीने ठिणगी ओळखणारा छोटा रेडिओ रिसीव्हर यंत्रात बसवून तो मार्ग बंद केला. त्याआधी तिने गायींना मोजून खाद्य घालणाऱ्या यंत्राचं सर्किट केलं होतं. दुसरा माणूस स्टीव्ह फर्बर, केंब्रिजमध्ये संशोधन करणारा. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा त्यांच्याभोवती फिरते.

१९७९ मध्ये ‘सिस्टिम १’ आला. दोन उघडी सर्किट बोर्डं, त्यांवर आकड्यांची बटणं आणि कॅल्क्युलेटरसारखा छोटा डिस्प्ले. १९८० मध्ये ‘अॅटम’ आला. तो १२० पौंडांना सुट्या भागांत मिळायचा आणि घरी बसून सोल्डरिंग करावं लागायचं. जोडलेला हवा असेल तर १७० पौंड.

सिंक्लेअर आणि करी यांची पबमध्ये मारामारी झाली होती, हे खरं आहे का?

खरं आहे, पण मारामारी म्हणण्याइतकं नाही. १९८४ च्या डिसेंबरात एकॉर्नने वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली. सिंक्लेअरची मशीन बिघडून मोठ्या प्रमाणात परत येतात, असा तिचा सूर होता. ‘बॅरन ऑफ बीफ’ नावाच्या केंब्रिजमधल्या पबमध्ये करी दिसताच सिंक्लेअरने गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने त्याला बदडलं. तोवर क्लाइव्ह सिंक्लेअर ‘सर’ झाला होता, म्हणून बातमी जास्तच चघळली गेली.

बीबीसीसाठीचा कॉम्प्युटर खरंच पाच दिवसांत बनवला?

नमुना पाच दिवसांत बनवला, विक्रीचं मशीन नाही.

१९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये मायक्रोचिपची धास्ती बसली होती. नोकऱ्या जातील, देश मागे पडेल, असं टीव्हीवर बोललं जात होतं. बीबीसीने लोकांना कॉम्प्युटर शिकवायची मोठी मोहीम आखली आणि मालिकेसोबत स्वतःच्या नावाचं मशीन विकायचं ठरवलं. आधी ‘न्यूब्रेन’ या दुसऱ्या ब्रिटिश मशीनकडे त्यांचा कल होता. ते जमेना, तेव्हा १९८१ च्या सुरुवातीला बाकीच्या कंपन्यांना विचारणा झाली. एकॉर्नकडे ‘प्रोटॉन’ नावाच्या पुढच्या मशीनची कल्पना होती, मशीन नव्हतं. बीबीसीची माणसं शुक्रवारी येणार होती.

हाउझरने फर्बरला फोन केला, “आठवड्यात नमुना होईल का?” फर्बर म्हणाला, शक्य नाही. हाउझरने सांगितलं की सोफी तर हो म्हणालीय. मग सोफीला फोन करून सांगितलं की स्टीव्ह हो म्हणालाय. दोघांनाही कळलं तेव्हा उशीर झाला होता. (आपल्याकडे लग्न जमवताना मामा लोक हीच युक्ती वापरतात.)

सोमवारी आराखडा, मग रात्रंदिवस तारा जोडणं. शुक्रवारी पहाटेपर्यंत मशीन मुकंच. तेव्हा हाउझरने एक तार कापून बघायला सुचवलं. बोर्डाला चाचणीच्या यंत्रणेशी जोडणारी क्लॉकची तार होती ती. कापली आणि मशीन चालू झालं. रात्रभर राबलेल्या इंजिनिअरांना याचा आनंद व्हावा की राग यावा, अशी अवस्था झाली म्हणतात. पाहुणे आले तेव्हा पडद्यावर चित्रं उमटत होती. कंत्राट मिळालं.

बीबीसी मायक्रोत एवढं विशेष काय होतं?

डिसेंबर १९८१ मध्ये तो बाहेर पडला. ‘मॉडेल ए’मध्ये १६ किलोबाइट मेमरी, किंमत २३५ पौंड. ‘मॉडेल बी’मध्ये ३२ किलोबाइट, किंमत ३३५ पौंड. लवकरच त्या वाढून २९९ आणि ३९९ झाल्या. सिंक्लेअरच्या मशीनपुढे हे महागच. पण दणकट कीबोर्ड, वर लाल फंक्शन बटणं, आत २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि पाठीमागे व खालच्या बाजूला जोडण्यांची रेलचेल. प्रिंटर, फ्लॉपी, जॉयस्टिक, प्रयोगशाळेतली उपकरणं, शाळेतली मशीन एकमेकांना जोडणारं ‘इकोनेट’, सगळ्याला जागा होती. ‘ट्यूब’ नावाची एक जोडणी होती, तिच्यातून दुसराच प्रोसेसर बाहेरून लावता यायचा. ही ट्यूब पुढे फार मोलाची ठरली.

प्रोग्रॅम लिहायची भाषा बेसिकच, पण सोफी विल्सनने लिहिलेली. बाकीच्या मशीनवर मुलं ‘गोटू’ (अमुक ओळीवर उडी मार) लिहून कार्यक्रमाचा, म्हणजे प्रोग्रॅमचा, गुंता करायची, तेव्हा इथे नीट नावं दिलेल्या प्रोसीजर लिहिता यायच्या आणि मध्येच प्रोसेसरला थेट कळणाऱ्या सूचनांची असेंब्ली भाषाही घालता यायची.

सुरुवातीचा अंदाज होता १२,००० मशीन खपतील. शेवटी १५ लाखांहून जास्त खपले. शाळेने मशीन घेतलं तर निम्मे पैसे सरकार द्यायचं, हाही त्याला मोठा हातभार.

मर्यादा सांगायची तर मेमरी. सर्वांत बारीक चित्राच्या मोडमध्ये ३२ पैकी २० किलोबाइट नुसत्या पडद्यालाच लागायचे. तरीही १९८४ मध्ये केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी, इयान बेल आणि डेव्हिड ब्रेबेन यांनी, ‘एलिट’ हा अंतराळातल्या व्यापाराचा खेळ याच मशीनमध्ये बसवला. त्यात आठ आकाशगंगा होत्या, प्रत्येकीत २५६ तारामंडळं. सगळं सूत्राने तयार व्हायचं, साठवलेलं काहीच नाही.

हा कॉम्प्युटर भारतात आला होता का?

हो. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, पहिल्या फेरीत सुमारे अडीचशे शाळा घेतल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो दिले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची ‘युनिकॉर्न’ नावाची भारतीय आवृत्तीही काढली. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, एका मशीनसमोर चौघांनी बसायचं आणि पडद्याला हात लावायचा नाही, हे ज्यांना आठवतं त्यांच्यातल्या काहींनी नकळत एकॉर्नचं मशीन हाताळलेलं असेल.

माझं मत असं की इंग्लंडमध्ये मशीनच्या पाठीमागे टीव्ही मालिका, पुस्तकं आणि मासिकं होती, शिवाय संध्याकाळी घरी तेच मशीन होतं. आपल्याकडे फक्त मशीन आलं.

इतकं चांगलं चाललेलं असताना बिनसलं कुठे?

‘इलेक्ट्रॉन’मध्ये. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण ‘मशीन चांगलं होतं पण लोकांनी घेतलं नाही’ असं सोपं उत्तर सगळीकडे मिळतं आणि ते अर्धवट आहे.

१९८३ च्या सप्टेंबरात एकॉर्नचे शेअर बाजारात आले. कंपनीची किंमत ठरली साडेतेरा कोटी पौंड. चार वर्षांपूर्वी जुगाराच्या यंत्रांची कामं घेणारे हाउझर आणि करी कागदावर कोट्यधीश झाले. पण घरगुती बाजारात सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम स्वस्त होता, तिथे बीबीसी मायक्रोचा निभाव लागत नव्हता. म्हणून त्याचंच धाकटं भावंड काढलं, इलेक्ट्रॉन, किंमत १९९ पौंड.

स्वस्त करण्यासाठी मोठ्या मशीनमधल्या ढीगभर चिप काढून त्यांचं काम एकाच खास चिपमध्ये कोंबलं. ही ‘युएलए’ चिप फेरांटी कंपनी बनवायची, आणि सुरुवातीला ती धड बनेचना. १९८३ च्या नाताळात लोक दुकानात पैसे घेऊन उभे होते. मागणी ३ लाखांची आणि माल पोचला जेमतेम ३०,०००. ज्या पोराला इलेक्ट्रॉन हवा होता, त्याच्या बापाने दुकानात जे होतं ते घेतलं, म्हणजे बहुधा स्पेक्ट्रम.

चिपची अडचण सुटली. पण तोवर वर्षभराच्या मालाची कंत्राटं दिलेली होती, ती मागे घेता येईनात. १९८४ भर इलेक्ट्रॉन बनत राहिले आणि १९८४ च्या नाताळात नेमका घरगुती कॉम्प्युटरचा बाजारच बसला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. गोदामात सुमारे अडीच लाख इलेक्ट्रॉन पडून राहिले.

म्हणजे सगळा दोष इलेक्ट्रॉनचाच?

नाही. त्याच सुमारास अमेरिकेत शिरण्यात अमाप पैसा गेला होता. तिथल्या नियमांप्रमाणे मशीनमधून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी अडवायला आत धातूचे पत्रे बसवावे लागले, तिथल्या टीव्हीसाठी फेरफार करावे लागले. एवढं करून तिथल्या शाळांत अॅपल आधीच ठाण मांडून बसलेली. न खपलेली मशीन परत आणून, पुन्हा दुरुस्त करून ब्रिटनमध्ये विकली. वर जाहिरातींचा खर्च, जर्मनीतली शाखा, धंद्यासाठीची वेगळी मशीन. एक ना धड, भाराभर चिंध्या.

ऑलिव्हेट्टीने कंपनी कितीला घेतली?

फेब्रुवारी १९८५ मध्ये इटलीच्या ऑलिव्हेट्टीने सुमारे १ कोटी २० लाख पौंडांत ४९.३ टक्के हिस्सा घेतला. दीड वर्षापूर्वीचे साडेतेरा कोटी आठवा. त्याच वर्षी सप्टेंबरात आणखी पैसे ओतून हिस्सा ७९ टक्क्यांवर नेला. संस्थापकांच्या हातून लगाम गेला.

गंमत अशी की आपण काय विकत घेतलंय, हे ऑलिव्हेट्टीलाच पुरतं ठाऊक नव्हतं. मागच्या खोलीत एक चिप शिजत होती आणि तिच्याबद्दल त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

आर्म चिप एकॉर्नमध्ये कशी जन्मली?

६५०२ नंतर कुठला प्रोसेसर वापरायचा, हा प्रश्न १९८३ मध्ये पडला. बाजारातले नवे १६ बिटी प्रोसेसर विल्सन आणि फर्बरने ट्यूबला जोडून तपासले. एकही पसंत पडेना, कारण मेमरीचा वेग त्यांना पुरता वापरता येत नव्हता. बर्कलीतल्या संशोधकांचे लेख हाती आले होते. प्रोसेसरला थोड्याच आणि सोप्या सूचना द्या, तो जास्त वेगाने धावेल, हा त्यांचा गाभा.

मग दोघं अमेरिकेत फीनिक्सला गेले, ६५०२ ची पुढची आवृत्ती बनवणाऱ्या कंपनीत. वाटलं होतं मोठाल्या इमारती असतील. निघाला एक बंगला आणि थोडीशी माणसं. हे प्रोसेसर बनवू शकतात तर आपण का नाही, असं म्हणत दोघं परतले.

ऑक्टोबर १९८३ मध्ये स्वतःच्या प्रोसेसरचं, म्हणजे आर्मचं, काम सुरू झालं. विल्सनने सूचनांचा संच ठरवला, फर्बरने चिपची रचना केली. अख्ख्या चिपचं वागणं तपासणारा कार्यक्रम बीबीसी बेसिकमध्ये लिहिला होता, ८०८ ओळींचा. हाउझर नंतर सांगायचा की या चमूला त्याने दोन गोष्टी दिल्या ज्या इंटेलने आपल्या लोकांना कधी दिल्या नाहीत: पैसा नाही आणि माणसं नाहीत.

२६ एप्रिल १९८५ ला चिप बनून आली, ट्यूबमधून बीबीसी मायक्रोला जोडली आणि पहिल्याच दिवशी चालली. सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर. त्या काळच्या मानाने किरकोळ.

ती वीज किती खाते हे मोजायला फर्बरने मीटर लावला, तर काटा शून्यावर. शोधल्यावर कळलं की बोर्डावर चिपची वीज जोडलेलीच नाही. बाकीच्या तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती खुशाल चालली होती. कमी वीज खाणं हे मुळात ध्येय नव्हतं. स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात चिप बसावी म्हणून ती एका वॉटच्या आत ठेवायची होती, ती झाली त्याच्या दहाव्या हिश्शात. खिशातल्या फोनचं आख्खं जग ज्या गुणावर उभं आहे, तो गुण काटकसरीचा उपफळ म्हणून आला.

आर्किमिडीज एवढा वेगवान होता, मग चालला का नाही?

१९८७ च्या जूनमध्ये आर्म बसवलेला आर्किमिडीज आला. त्याच्या किमतीच्या आसपासचं कुठलंही मशीन वेगात त्याच्या जवळ येत नव्हतं. पण वेगाने धंदा होत नाही. कचेऱ्यांनी तोवर आयबीएम पीसी पकडला होता, खेळणाऱ्यांना अमिगा आणि अटारी एसटी आवडत होते, आणि आर्किमिडीजसाठीचं सॉफ्टवेअर बहुतेक शाळांपुरतंच.

ऑपरेटिंग सिस्टिमचीही घाई झाली. मूळ महत्त्वाकांक्षी सिस्टिम वेळेत तयार होईना, म्हणून ‘आर्थर’ नावाची तात्पुरती दिली. आर्थर म्हणजे ‘गुरुवारपर्यंत तयार हवी असलेली सिस्टिम’, अशी तेव्हा थट्टा चालायची. १९८९ मध्ये ‘रिस्क ओएस’ आली तेव्हा कुठे मशीनला शोभेल असं काही मिळालं.

पुढे शाळांनीही पीसीचा रस्ता धरला. पालकांचा प्रश्न ठरलेला असायचा: नोकरीत जे वापरतात तेच शिकवा. या प्रश्नाला एकॉर्नकडे उत्तर नव्हतं.

आर्म वेगळी कंपनी का केली?

अॅपलला ‘न्यूटन’ या हातात धरायच्या यंत्रासाठी कमी वीज खाणारी चिप हवी होती. पण कॉम्प्युटर विकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या चिपवर अवलंबून राहायला ती राजी नव्हती. म्हणून नोव्हेंबर १९९० मध्ये एकॉर्न, अॅपल आणि चिप बनवणारी व्हीएलएसआय या तिघींनी मिळून आर्म वेगळी काढली. अॅपलने पैसे दिले, एकॉर्नने १२ इंजिनिअर आणि चिपचे हक्क. केंब्रिजजवळच्या स्वॉफम बलबेक गावातल्या जुन्या धान्याच्या कोठारात कचेरी थाटली.

रॉबिन सॅक्सबी या प्रमुखाने ठरवलं की चिप बनवायच्याच नाहीत. आराखडे भाड्याने द्यायचे आणि प्रत्येक चिपमागे थोडे पैसे घ्यायचे. न्यूटन आपटला, पण नोकियाच्या ६११० सारख्या फोनमध्ये आर्म पोचली आणि पुढे मागे वळून पाहावं लागलं नाही.

मग एकॉर्न बुडाली कशी? आर्ममधला तिचा हिस्सा तर सोन्याचा असणार.

हिस्सा सोन्याचा होता आणि त्यानेच घात केला. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटतं की कंपनीचं दिवाळं निघालं. तसं झालं नाही.

नव्वदच्या दशकात एकॉर्नने बरंच काही करून पाहिलं. १९९४ चा ‘रिस्क पीसी’, टीव्हीला जोडायचे डबे, ओरॅकलसाठी ‘नेटवर्क कॉम्प्युटर’. तंत्र चांगलं, विक्री बेताची. १९९८ च्या एप्रिलमध्ये आर्मचे शेअर बाजारात आले आणि वर चढतच गेले. लवकरच एकॉर्नच्या हातातल्या आर्मच्या शेअरांची किंमत अख्ख्या एकॉर्नच्या किमतीपेक्षा जास्त झाली. बाजाराच्या हिशेबात कॉम्प्युटरचा धंदा, कारागीर, गोदाम, नाव सगळं मिळून शून्याच्याही खाली.

भागधारकांना आर्मचे शेअर हवे होते. एकॉर्नने ते सरळ विकले असते तर करात मोठी रक्कम गेली असती. त्यावर तोडगा म्हणजे अख्खी एकॉर्नच विकून मोकळं होणं. १९९९ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीच्या एका कंपनीने ती घेतली, भागधारकांना आर्मचे शेअर मिळाले आणि उरलेले तुकडे वाटले गेले. टीव्हीच्या डब्यांचा विभाग ‘पेस’ या कंपनीकडे गेला. आजा मेला, नातू झाला, घरातली माणसं तेवढीच.

‘फीबी’ काय प्रकरण होतं?

रिस्क पीसीचा वारस, भडक पिवळ्या खोक्यातला. बाजारात यायच्या बेतात असताना सप्टेंबर १९९८ मध्ये कंपनीने कॉम्प्युटरचा विभागच बंद केला आणि तो रद्द झाला. जुन्या चाहत्यांसमोर याचा विषय शक्यतो काढू नका.

आणि ‘एलिमेंट १४’?

शेवटच्या काही महिन्यांत एकॉर्नने घेतलेलं नाव. मूलद्रव्यांच्या तक्त्यात चौदावं सिलिकॉन. मोडतोडीनंतर काही इंजिनिअरांनी याच नावाने ब्रॉडबँडच्या चिप बनवणारी कंपनी चालवली आणि २००० मध्ये ती अमेरिकेच्या ब्रॉडकॉमने घेतली. सोफी विल्सनही तिकडे गेली. फर्बर १९९० मध्येच मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाला होता.

आज एकॉर्नचं काय शिल्लक आहे?

आर्म. २०१६ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने ती सुमारे २,४०० कोटी पौंडांना घेतली. दुसरं म्हणजे रास्पबेरी पाय हा एका बोर्डावर मावणारा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर. तो केंब्रिजचाच, आत ब्रॉडकॉमची आर्म चिप, आणि त्याच्या ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ या नावांत बीबीसी मायक्रोला केलेला नमस्कार आहे. रिस्क ओएस २०१८ मध्ये मुक्त (ओपन सोर्स) झाली आणि पायवर आजही चालते. मेमरी कार्डावर घालून पाहा. माऊसचं मधलं बटण दाबलं की मेनू येतो, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर दहा मिनिटं नुसतं बघत बसाल.

मला बीबीसी मायक्रो चालवून बघायचा आहे. जुना विकत घेऊ का?

आधी ब्राउझरमध्ये चालणारा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, वापरा, फुकट आहे. शिफ्ट दाबून धरायचं, ब्रेकचं बटण दाबायचं आणि मग शिफ्ट सोडायचं, म्हणजे डिस्कवरचा कार्यक्रम आपोआप सुरू होतो. ही खूण माहीत नसल्यामुळे बरेच जण पहिल्याच पडद्यावर अडतात.

खरं मशीन मिळालंच तर घाईने प्लग लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर चाळीस वर्षांनी तडकलेले असतात. वीज दिल्यावर थोडा वेळ सगळं छान चालतं, मग फट्ट आवाज होतो आणि खोलीभर उग्र वासाचा धूर पसरतो. मशीनला सहसा काही होत नाही, पण घरातले पुन्हा ते लावू देत नाहीत. आधी जाणकाराकडून ते कपॅसिटर बदलून घ्या.